फ्रीडा तोंड वेडावते

तक्रारीचं पत्र आलं तेव्हा फ्रीडा हॅलिवेल धोट्याचा मुका घेत होती. समोर दुसरीच्या वर्गातली तीस पोरं 'ईऽ' करत उभी होती. ब्रॅकनशॉच्या जुन्या कापडगिरण्यांत धोट्याच्या, म्हणजे मागात आडवं सूत नेणाऱ्या नावेसारख्या लाकडी ठोकळ्याच्या, बारीक भोकातून सूत ओढून घ्यायचं, तर भोकाला ओठ लावून जोरात श्वास घ्यावा लागे. तोंडात सूत येई, थोडी कापसाची धूळ येई, आणि मागच्या पाळीतल्या माणसानं जेवणात काय खाल्लं होतं याची बातमीही येई. फ्रीडानं वयाच्या पंधराव्या वर्षापासून गिरणी बंद पडेपर्यंत, एकवीस वर्षं हे मुके घेतले. "नवऱ्याच्या वाट्याला एवढे आले नाहीत," असं ती पोरांच्या बाईंना सांगत असे. पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून हे वाक्य ती आवाज न काढता बोले, आणि बाई तरीही लाल होत, कारण ते समजत असे.

आवाज न काढता बोलणं ही फ्रीडाची एकटीची करामत नव्हती. चारशे यंत्रमाग एका छपराखाली धडधडत असले की शेजारी कोणी तोफ डागली तरी कळत नाही. तेव्हा लँकशायरच्या विणकरणींनी आपली एक बोली काढली. ओठ रबरासारखे ताणायचे, भुवया वरखाली करायच्या, बाकीचं बोटांनी, कोपरांनी, खांद्यांनी भागवायचं. या बोलीला 'मी-मॉ' म्हणतात. तिच्यात आठ माग पलीकडच्या बाईला सासूचं आजारपण, मुकादमाची लफडी आणि मटणाचा भाव हे सगळं एका दमात सांगता येतं. गिरण्या गेल्या, माग भंगारात निघाले, पण बायकांचे ओठ काही थांबले नाहीत. ब्रॅकनशॉच्या बसमध्ये दोन म्हाताऱ्या दोन टोकांना बसून शांतपणे एखाद्या तिसरीची अब्रू काढताना अजूनही दिसत. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना तर हा धंदा फारच बरकतीत असे.

ओठ वाचायची विद्या घरात मात्र जाचाची ठरते. फ्रीडाचा नवरा वॉल्टर याला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळून चुकलं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला पुटपुटणं म्हणजे कानात ओरडणं आहे. तेव्हापासून त्याला बायकोविषयी काही बोलायचं असलं की तो परसातल्या खुराड्यात जाई आणि तिच्याकडे पाठ करून कबुतरांना सांगे. कबुतरं छत्तीस वर्षं ऐकून घेत होती.

फ्रीडा जिथे विणायची त्या थिसलब्रुक गिरणीचं संग्रहालय झालं तेव्हा चारशेंपैकी बारा माग ठेवले आणि ते चालवून दाखवायला फ्रीडाला घेतलं. तिकीटखिडकीवर तिची जुनी सोबतीण आयव्ही डकवर्थ बसली. दोघींच्या मध्ये एक लांबलचक दालन आणि एक काचेची भिंत होती, म्हणजे गप्पांना काहीच अडचण नव्हती.

पाहुणे सगळ्या जगातून येत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं इंग्रजी 'नमस्कार', 'किती' आणि 'संडास' इतकंच असे. आता इंग्रज माणसाची एक जुनी श्रद्धा आहे. जगातल्या प्रत्येकाला मनातून इंग्रजी येतंच, फक्त परदेशी लोकांना जरा कमी ऐकू येतं, असं तो धरून चालतो. आयव्ही या पंथातली कट्टर. समोर परका चेहरा दिसला की ती "दोऽन माऽणसं काऽ?" असं इतक्या ताकदीनं विचारी की समोरच्या न्हाव्याच्या दुकानातली दोन माणसं वळून बघत.

फ्रीडाची रीत उलटी. पाहुण्याला इंग्रजी येत नाही असं दिसलं की ती आवाजच बंद करून टाकी. मग ओठ, भुवया, हात, कंबर, सगळी फौज कामाला लागे, आणि पाच मिनिटांत समोरचा माणूसही हातवारे करत आपल्या गावची हकीकत सांगू लागे. एकदा एक जपानी आजोबा तिच्याशी पाऊण तास बोलत उभे होते. काय म्हणत होते, असं आयव्हीनं नंतर विचारलं. फ्रीडा म्हणाली, "त्यांच्या आईनं रेशमाचे किडे पाळले होते. बहिणीला नवरा वाईट मिळाला." आयव्हीला यात काही विशेष वाटलं नाही. तिनंही काचेतून तेवढं वाचलंच होतं.

तर ते पत्र. संग्रहालयाचे व्यवस्थापक क्रिस्पिन लाँगफोर्ड यांनी फ्रीडाला खोलीत बोलावून ते समोर ठेवलं. क्रिस्पिन दक्षिणेकडचा, तिशीतला, उंच आणि मनानं मऊ माणूस. माशी मारायची वेळ आली तर तो आधी माशीची माफी मागेल. त्याच्यात खोट एकच होती: तो ओठ न हलवता बोलायचा. मागांनी कान अधू केलेल्या फ्रीडाला त्याच्या बोलण्यातलं अर्धंच कळे, आणि उरलेलं ती त्याच्या टायवरून ताडत असे.

पत्र चेशायरच्या एका सुखवस्तू बाईंनी लिहिलं होतं. नातवाला घेऊन आल्या असता त्यांनी असं पाहिलं की, मागाजवळची कर्मचारी एका परदेशी जोडप्याकडे बघून तोंड वेडावत होती. बिचाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. कर्मचारीबाईंनी तोंडातून चकार शब्द न काढता ओठ मुरडले, डोळे फिरवले आणि पोटावरून हात फिरवून त्या स्त्रीच्या बांध्याची थट्टाही केली. हे पाहून बाईंना रात्रभर झोप लागली नव्हती.

फ्रीडानं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही.

"ती सहा महिन्यांची गरोदर होती, राजा," ती म्हणाली. फ्रीडा साऱ्या जगाला राजा म्हणे, त्यात व्यवस्थापकही आले. "मागाजवळ उभी राहू नको, हादरे बसतात, असं सांगत होते. स्टूल दिलं तिला बसायला. आल्याचा केकपण दिला."

"हे शब्दांत नसतं का सांगता आलं?"

"कुठल्या शब्दांत? तिच्याकडे होते नव्हते तेवढे सगळे शब्द तिनं तिकीट काढताना आयव्हीवर खर्च केले होते."

क्रिस्पिनला हे पटलं, आणि तीच त्याची पंचाईत झाली. लेखी तक्रार आली की लेखी उपाय झालाच पाहिजे, असा नगरपालिकेचा नियम होता. तो नुकताच दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला होता आणि तिथून त्यानं चाळीस कार्डं आणली होती. प्रत्येकावर एक चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत एक सोपं वाक्य. इंग्रजी कमी येणाऱ्या पाहुण्यांशी यापुढे कार्ड दाखवून, हळू आणि स्पष्ट बोलायचं. तोंड वेंगाडायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. दोन आठवड्यांनी कॉलेजातला इंग्रजी शिकणाऱ्या बायकांचा वर्ग यायचा होता. तेव्हा तो स्वतः तपासणीचा फॉर्म घेऊन उभा राहणार होता. सगळं नीट पार पडलं तर उत्तम. नाही तर एक तारखेपासून फ्रीडानं खालच्या दुकानात बसायचं, आणि मागाचं बटण दाबायला एक निवृत्त इंजिनिअर फुकटात येणार होते.

"दुकानात वाईट काय आहे, फ्रीडा? ऊब असते. बसायला खुर्ची आहे."

"दुकानात माग नाही," फ्रीडा म्हणाली.

ती खोलीतून बाहेर पडेपर्यंत आयव्हीनं काचेतून सगळं वाचून सफाईवालीला सांगितलंही होतं. क्रिस्पिनचे ओठ हलत नसल्यानं तिला फ्रीडाचीच बाजू तेवढी मिळाली, त्यामुळे गावात बातमी पसरली ती अशी की फ्रीडाला दिवस गेले आहेत.

फ्रीडा घाबरली होती, हे तिनं वॉल्टरलाही सांगितलं नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला खुर्ची मिळते आहे तर रडायचं काय, असं लोक म्हणाले असते. पण ती ज्या मागावर पंधराव्या वर्षी उभी राहिली होती, तोच चौदा नंबरचा माग त्या बारांत उरला होता. रोज सकाळी ती आधी त्याच्या लाकडावर हात ठेवी आणि मगच कोट काढी. आता त्याचं बटण कोणी इंजिनिअर येऊन दाबणार होता.

म्हणून तिनं तयारी सुरू केली. संध्याकाळी वॉल्टरला समोर बसवून इंग्रजी न येणारा पोर्तुगीज पाहुणा व्हायला सांगितलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, चेहरा इस्त्री केल्यासारखा ठेवून ती म्हणे, "हा, माग, आहे. इथे, कापड, विणतात." वॉल्टर दोन दिवस मुकाट्यानं पोर्तुगीज राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दाढ काढून आल्यावर तू अशीच दिसत होतीस." आणि कबुतरांकडे गेला.

तो गुरुवार उगवला. वर्गाच्या शिक्षिका ग्वेन यांच्यामागून अकरा बायका आल्या. कोणी बांगलादेशातल्या सिल्हटच्या, कोणी पाकिस्तानकडच्या मीरपूरच्या, दोघी पोलंडच्या, एक इराकमधली कुर्द. सगळ्यात शेवटी काठी टेकत सत्तरीचे एक गृहस्थ आले, डोक्यावर करड्या लोकरीची टोपी. त्यांची सून शगुफ्ता या वर्गात होती. सासऱ्याला घरी एकटं ठेवलं तर गॅसवर दूध विसरतात, म्हणून तिनं त्यांना बरोबर आणलं होतं. आयव्हीनं "एऽक माऽणूस जाऽस्त!" असं म्हणून त्यांचं स्वागत केलं.

फ्रीडानं एक हात पाठीमागे घट्ट दाबला, दुसऱ्यात कार्डं धरली आणि सुरुवात केली. क्रिस्पिन भिंतीपाशी लेखणी उघडून उभा. पहिलं कार्ड, माग. बायकांनी माना डोलावल्या. दुसरं कार्ड, कापूस. माना डोलावल्या. तिसऱ्या कार्डावर धोट्याचं चित्र होतं, पण चित्रकारानं धोटा जन्मात पाहिला नसावा. एका पोलिश बाईनं बिचकत विचारलं की इथे नाव चालवत होते का, समुद्र जवळ आहे का. फ्रीडाच्या डाव्या खांद्यानं उत्तर द्यायला उसळी मारली, ती तिनं दाबली आणि "नाही. हा, धोटा, आहे," एवढंच म्हणाली. बाईनं ओशाळून मान डोलावली. कोणालाही काही कळत नव्हतं आणि सगळं अतिशय सभ्यपणे चाललं होतं. क्रिस्पिन खुशीत रकान्यांत खुणा करत होता.

मग फ्रीडानं चौदा नंबरचं बटण दाबलं. माग धडधडू लागला, जमीन थरथरली. यंत्र चालू असताना बोलू नये, असं बाविसावं कार्ड सांगत होतं. ती कार्डांसकट हात मागे बांधून, ओठ मिटून उभी राहिली.

मागाच्या पलीकडे त्या लोकरी टोपीखालचे ओठ हलले.

सावकाश, ताणून, भुवया उंचावून. आवाज शून्य. फ्रीडाला वाटलं आपल्याला भास झाला. ते ओठ पुन्हा हलले: हा अजून डावीकडे ओढतो का?

चौदा नंबर डावीकडे ओढतो हे जगात त्यावर उभं राहिलेल्या माणसालाच माहीत असणार. फ्रीडानं न बोलता मान हलवली, ओढतो म्हणून. म्हातारबुवांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग काठी काखेत मारली, दोन्ही हात मोकळे केले आणि अस्सल ब्रॅकनशॉच्या ढंगात, कोपरासकट, विचारलं: दर बुधवारी तुटलेले धागे तसेच टाकून पळायची, ती तूच ना?

तेव्हा तिनं ओळखलं. रातपाळीवाला फजल करीम. मीरपूरहून आलेले लोक थिसलब्रुकची रातपाळी करत. संध्याकाळी ती माग सोडे तेव्हा तो धरे, सकाळी तो सोडे तेव्हा ती धरे. अकरा वर्षं, दिवसाला दहा-दहा मिनिटं, चालत्या मागांच्या गडगडाटात. मग तो ब्रॅडफर्डला गेला, तिथून परत मीरपूरला, आणि आता म्हातारपणी मुलाकडे आला होता.

फ्रीडाचे हात पाठीमागून केव्हा सुटले ते तिला कळलंच नाही. बुधवारी बिंगो असायचा, तिनं सांगितलं. आणि तू रे? तेल असं ओतायचास की जसं तुझ्या बापाचंच होतं. माझ्या कापडावर डाग पडायचे, मुकादम मला फाडून खायचा. करीमनं छातीवर हात ठेवून शपथ घेतली की तो तेलाचे थेंब मोजून टाकायचा. फ्रीडानं एक बोट डोळ्याखाली ओढून त्याला खोटारडा म्हटलं. त्यानं एका तुटलेल्या धाग्याची गाठ हवेत मारून दाखवली, मग दुसऱ्याची, मग अशा चाळीस गाठींचा हिशेब दाखवून कपाळाचा घाम पुसला. तिनं हनुवटी पुढे काढून त्याच्या चेंगट चालीची नक्कल केली.

बायकांत एकच हशा उसळला. शगुफ्ता तोंडाला ओढणी लावून बघतच राहिली. डॉक्टरकडे गेल्यावर 'खोकला' एवढं सांगायला ज्यांना सून लागते, ते सासरे एका गोऱ्या बाईशी कडाकडा भांडत होते, आणि जिंकत होते. आता बाकीच्यांनाही धीर आला. कुर्द बाईनं हातांनी विचारलं की तान्ही मुलं कुठे ठेवायचात. फ्रीडानं शेजारीण, पाळणा आणि शेजारणीचा तापट स्वभाव तीन हालचालींत दाखवला. पोलिश बाईला तिनं धोट्याचा मुका घेऊन दाखवला. तशी ती बाई आपल्या ओठांवर बोट आपटत मैत्रिणीला भराभरा काहीतरी सांगू लागली, आणि त्यात समुद्र नव्हता हे नक्की.

क्रिस्पिनला मात्र भिंतीपाशी दरदरून घाम फुटला होता. त्याला दिसत होतं ते एवढंच की त्याची कर्मचारी एका वृद्ध पाहुण्याला वेडावून दाखवते आहे आणि पाहुणा तिच्यावर मुठी उगारतो आहे. पत्रात होतं ते सगळं, वर आणखी बरंच. तो धावत आला आणि त्यानं लाल बटण दाबलं. माग थांबला. भांडण थांबलं नाही. एकदम शांत झालेल्या दालनात दोन म्हातारी तोंडं आवाजाशिवाय तावातावानं चालूच राहिली.

"फ्रीडा," तो केविलवाणं म्हणाला.

तिनं वळून पाहिलं आणि तिचे हात खाली आले. जमिनीवर चाळीस कार्डं पसरली होती. आपण काय केलं हे तिला कळलं, आणि मान खाली घालून ती कार्डं गोळा करू लागली.

क्रिस्पिन नियमाचा पक्का. फॉर्मवर पाहुण्यांना विचारायचे दोन प्रश्न होते, ते विचारलेच पाहिजेत. त्यानं करीमसमोर उभं राहून हळू आणि स्पष्ट विचारलं: कर्मचाऱ्यांनी तुम्हाला आदरानं वागवलं का? करीमनं त्याच्या न हलणाऱ्या ओठांकडे बघितलं, मग फ्रीडाकडे. फ्रीडा खाली वाकलेली होती. ती उठली. प्रश्न आपल्याच गळ्याला फास होता हे तिला कळत होतं, तरी तिनं तो जसाच्या तसा, ओठांनी आणि भुवयांनी, करीमला पोचवला.

"आदर?" करीम आपल्या तोडक्या इंग्रजीत मोठ्यानं म्हणाला. "नाही. अकरा वर्षं. एकदा पण नाही."

क्रिस्पिनची लेखणी कागदावर अडकली. फ्रीडा खिन्नपणे म्हणाली, "लिही राजा, खरं आहे ते. बुधवारी तर नाहीच नाही."

त्यानं कसाबसा दुसरा प्रश्न वाचला: कर्मचारी काय म्हणाले ते तुम्हाला समजलं का? तोही फ्रीडानं पोचवला. या वेळी करीमला इंग्रजी पुरेना. त्यानं आपल्या बोलीत सुनेला काहीतरी सांगितलं, बराच वेळ, काठीनं मागाकडे दाखवत. शगुफ्ता शब्द जुळवत जुळवत बोलली. "ते म्हणतात, मी या देशात आलो. मालक बोलायचा, मला कळायचं नाही. मुकादम ओरडायचा, कळायचं नाही. दुकानात, बसमध्ये, कुठेच नाही. फक्त हिचं कळायचं. पहिल्या दिवसापासून, सगळं." ती थांबली, मग म्हणाली, "ते म्हणतात, शिव्या द्यायची. पण कळायचं."

क्रिस्पिननं फॉर्मकडे पाहिलं. तिथे 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. तो फॉर्म घेऊन खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

वर्ग गेला तो तासभर उशिरा गेला. करीमनं जाताना चौदा नंबरखाली वाकून तेलाचा डाग शोधला आणि तो सापडला नाही याचं श्रेय स्वतः घेतलं. मग दालन रिकामं झालं. फ्रीडानं कार्डं नंबरवार लावली, रबर घातलं. खाली जाऊन तिनं दुकानातली ती खुर्ची एकदा बघून घेतली. खुर्चीला मऊ गादी होती. तिच्या भोवती ताटं पुसायच्या फडक्यांचे ढीग होते आणि प्रत्येक फडक्यावर मागाचं चित्र छापलेलं होतं. ती न बसता वर आली.

चार वाजता दिवसाचं शेवटचं प्रात्यक्षिक असे. पाहुणा एकही नव्हता, पण तिनं माग सुरू केला. चालू दे, एक तारखेपर्यंत तरी आपलाच आहे.

दार उघडून क्रिस्पिन आला. तो मागाच्या पलीकडे उभा राहिला. बटणाकडे त्याचा हात गेला आणि परत आला. त्यानं टाय सैल केला. मग इथे आल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदा त्याचे ओठ हलले. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. एका बोटानं त्यानं फ्रीडाकडे दाखवलं आणि मग खाली जमिनीकडे: तुम्ही. इथेच. राहा.

फ्रीडाला ते पहिल्या खेपेलाच कळलं. तिनं चौदा नंबरच्या लाकडावर हात ठेवला. पण अशी बातमी कुणी एकदाच ऐकून सोडून देतं का? तिनं कपाळाला आठ्या घातल्या, कानामागे हात धरला आणि मान हलवली: काही समजलं नाही, राजा.

क्रिस्पिननं पुन्हा सांगितलं. दालनाच्या टोकाला काचेआड आयव्ही फोन उचलून वॉल्टरला बातमी देऊ लागली होती. फ्रीडानं आणखी एकदा भुवया उंचावल्या. बिचाऱ्यानं डोळे मिटले, खांदे सैल सोडले, आणि तिसऱ्या खेपेला कोपरंही वापरली.

"बरं आहे," फ्रीडा ओठांनीच म्हणाली. "पण अजून जरा तोंड उघड. मीरपूरला पोचायला हवं."